दोनशे ज्यूल आणि एक नवस

रावजीचं हृदय दुसऱ्या शॉकला ताळ्यावर आलं. बुधवारी सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी आलं. डॉक्टर, सिस्टर, भूल देणाऱ्या बाई आणि पोटची पोरगी अशा चौघांनी डोळ्यांनी बघितलं, मशीननं कागदावर काढून दिलं.

आता हे घडलेलंच नाही असं धरून चालायचं. खुद्द रावजीचं तसं म्हणणं आहे, आणि हृदय त्याच्या मालकीचं असल्यामुळे त्याच्या म्हणण्याला थोडा मान द्यावाच लागतो. तेव्हा काही घडलेलं नाही. वार बुधवारच, पण सकाळचे साडेआठ वाजलेत. सोलापुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर वळसंगचा रावजी पलंगावर मांडी घालून बसलाय, आणि त्याचं हृदय गेले पाच महिने चाललंय तसंच चाललंय. म्हणजे तापल्या कढईत शेंगदाणे टाकल्यावर उडतात तसं, कुठलाही दाणा कुठल्याही दाण्याला न विचारता.

पलंगाशेजारी त्याची मुलगी ऋतुजा उभी होती. ऋतुजा वीज कंपनीत तंत्रज्ञ. खांबावर चढायची, तारा ओढायची, आणि खालून दिलेल्या शिव्या वर पोचेपर्यंत निम्म्या विरतात हा शोध तिनं नोकरीच्या पहिल्याच महिन्यात लावला होता. बापाला करंट देणार हे कळल्यापासून वळसंगातून तिला अकरा फोन आले होते. नऊ जणांनी विचारलं, करंट तूच देणार का. दहाव्यानं विचारलं, त्या टायमाला गावची लाइट जाईल का. अकरावी शेजारची तानाबाई. तिला करंटशी काही देणंघेणं नव्हतं, मेंढरं कातरायची कातर तुझ्या आईनं कुठं ठेवलीय एवढंच तिनं विचारलं.

डॉक्टर प्रभूंनी दोन महिन्यांपूर्वी ऋतुजाला समोर बसवून सगळं समजावलं होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत वीज सैरावैरा धावतेय, त्यामुळे ठोके बेताल पडतायत, त्यामुळे दम लागतोय. भूल देऊन छातीवर शॉक द्यायचा. क्षणभर सगळं थांबतं आणि मग हृदय आपलं आपण नीट सुरू होतं.

"म्हणजे लाइनचा फीडर बंद करून परत चालू करायचा," ऋतुजा म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना चित्र काढावं लागलं नव्हतं.

पण फीडर परत चालू होईलच याची खात्री नाही, असंही त्यांनी सांगितलं. हृदय बिघडून किती दिवस झाले, वरचा कप्पा किती ताणलाय, माणसाचं वजन किती, झोपेत घोरताना श्वास अडतो का, थायरॉइड कसा आहे, आणि शॉकच्या चिकटपट्ट्या कातडीला किती घट्ट बसतात, या सगळ्यावर ते असतं. त्यातल्या बऱ्याच गोष्टींत रावजी काठावर होता. कप्पा ताणला होता, पण फाजील नाही. पोट होतं, पण छातीपर्यंत चढलेलं नाही. "वेळ मात्र घालवू नका," डॉक्टर म्हणाले. "दिवस जातील तसा कप्पा फुगत जातो. मग शॉक दिला तरी टिकत नाही."

आणि टिकला नाही तर रावजीचं मेंढरांमागं जाणं संपलं. पहिल्याच बांधाला त्याला धाप लागायची. साठ मेंढरं सध्या चुलतभाऊ शरणप्पा राखत होता, आणि तो ती अशी राखायचा की जणू दुसऱ्याच्या लग्नात अक्षता टाकायला आलाय. रावजी संध्याकाळी दारात बसून परत येणारी मेंढरं मोजायचा आणि कुठलं मेंढरू लंगडतंय ते लांबून सांगायचा. सांगताना वाक्यात दोनदा थांबायचा. ऋतुजाला तो थांबा ऐकवत नव्हता. बापानं पूर्वीसारखं एका दमात भांडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

शॉकची पहिली तारीख वाया गेली होती. शॉकच्या आधी तीन आठवडे रक्त पातळ ठेवायची गोळी एकही दिवस न चुकता घ्यायची होती, आणि रावजीनं दर रविवारी ती चुकवली होती. का, तर रविवार बिरोबाचा. देवाच्या दिवशी औषध घेतलं तर देवावर विश्वास नाही असं होतं. डॉक्टरांनी पाकिटात उरलेल्या गोळ्या बघून तारीख रद्द केली. रक्तात गुठळी असताना शॉक दिला तर गुठळी सुटून थेट मेंदूत जाते, मग लकवा. मग ऋतुजानं गावच्या भिमा पुजाऱ्याला फोन लावला. भिमानं दोन मिनिटं विचार करून निकाल दिला की दिवस उगवायच्या आत घेतलेली गोळी शनिवारातच धरली जाईल. तेव्हापासून दर रविवारी पहाटे चारला रावजी शनिवारची गोळी घ्यायचा. विज्ञानाचं काही अडलं नाही, देवाचंही नाही. तीन आठवडे निभावले.

आणि आता हा बुधवार.

साडेआठला शांतम्मा सिस्टर आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये वस्तरा. "काका, शर्ट काढा. छाती साफ करायचीय."

रावजीनं शर्ट काढला. शांतम्मा सिस्टरच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती, पण ती एक पाऊल मागं सरली. त्या केसांत छाती कुठं होती ते अंदाजानंच ओळखावं लागत होतं. मग रावजीनं वस्तरा बघितला आणि शर्ट परत घातला.

"वस्तरा न्हाय लावायचा."

"अय्यो, का हो काका?"

"नवस हाय."

रावजीची दाढी आणि डोकं पाच महिने वाढलेलं घरच्यांना दिसत होतं. त्याला नवस आहे हेही माहीत होतं. तो मानेच्या खालीही लागू आहे हे कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

"आबा," ऋतुजा म्हणाली, "नेमका काय नवस बोललाय तुमी?"

"काळीज ताळ्यावर येईस्तोवर अंगाला वस्तरा लावनार न्हाय. आलं की समदे केस बिरोबाच्या म्होरं उतरवीन."

"आणि शॉक बसायचा तर केस काढायला लागत्यात."

"लागू द्यात की."

"मग काळीज ताळ्यावर कसं येनार?"

"त्ये देव बघंल. आपून नवस मोडला तर त्यो कशाला बघंल?"

ऋतुजानं यावर तोड शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. नऊ वर्षांच्या नोकरीत असा घोळ तिनं एकदाच बघितला होता. मीटर बसल्याशिवाय कनेक्शन नाही आणि कनेक्शन झाल्याशिवाय मीटर नाही, असा तो अर्ज होता. त्या अर्जदारानं शेवटी कंदील घेतला.

"पट्टी लावायची की तशीच, केसावरून," असं म्हणत मामा पुढं आला. जोतिराममामा, आईचा भाऊ, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेला. निवृत्तीला सहा वर्षं झाली होती, पण सल्ला देणं त्यानं चालू ठेवलं होतं. "करंट जोरात सोडायचा. आमच्याकडं वरच्या तारंला पंचवीस हजार व्होल्ट. केसबिस काय बघत न्हाय त्ये."

"मामा, तितं गाडी वढायची असती. हितं आबा हायत."

"आगं पर तत्त्व एकच की."

"केसावर पट्टी बसत न्हाय. मधी हवा राहती. खांबावरचा जोड सैल असला की काय होतं? करंट जायचा तितं जात न्हाय, नुसती ठिणगी उडती. कातडी भाजंल आणि काळीज हाय तसंच राहील."

"ह्ये बरोबर हाय," मामा म्हणाला, जणू तिनं आत्ताच त्याचं म्हणणं मान्य केलं होतं.

शांतम्मा सिस्टरनं घड्याळ बघितलं. अकराची वेळ होती. भूल देणाऱ्या बाई फक्त अर्ध्या तासासाठी येणार होत्या. "वस्तरा नको तर मशीन आहे आमच्याकडं. दाढीचं असतं तसलं."

भिमाला फोन लागला. मशीन चालणार नाही, असा निकाल आला. करंटवर चालतं ते.

"भिमातात्या, आबांना करंटच द्यायचाय," ऋतुजा म्हणाली.

"त्यो येगळा. त्यो आत जातोय."

मग सिस्टरनं केस गळायचं मलम सुचवलं. भिमापर्यंत जावंच लागलं नाही, रावजीनंच नाकारलं, कारण त्या मलमाच्या डबीवर बाईचं चित्र होतं. मग मामानं चिकटपट्टी काढली. उपटलेला केस वस्तऱ्याचा नसतो, हा त्याचा मुद्दा भिमालाही पटला. मामानं छातीच्या डाव्या कोपऱ्यावर वीतभर पट्टी लावली आणि ओढली. त्यानंतर रावजी जे ओरडला ते सात रस्त्याच्या चौकापर्यंत गेलं असणार. खालच्या मजल्यावरून दोन माणसं, इमर्जन्सी कुठंय म्हणत, वर आली. पट्टीवर अकरा केस होते. त्या हिशोबानं छाती मोकळी व्हायला दिवाळी आली असती.

इतका वेळ रावजीची बायको वच्छला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. तिनं चाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली होती आणि त्याच्या नवसांविषयी आश्चर्य वाटणं तिचं कधीच थांबलं होतं. ती उठली. पिशवीतून भाकरीचं फडकं बाहेर काढलं, चटणीचा डबा काढला, आणि तळातून कातर काढली. मेंढरं कातरायची, कोपराएवढी, काळी, जड कातर.

"आये, ही दवाखान्यात कशाला आणलीस?"

"घरी ठेवली आसती तर तानीनं नेली आसती. गेल्या साली नेली ती तीन म्हैन्यांनी दिली, त्येबी धार घालवून."

भिमाला परत फोन. या वेळी त्याला विचार करावा लागला नाही. कातरीला दसऱ्याला हळदीकुंकू लागतं. कातर देवाची. देवाची मेंढरं कातरीनं उतरवतात, तशी माणसं उतरवायला देवाची हरकत असायचं कारण नाही. फक्त कातरणारानं उपाशी असावं.

"मी कालपास्नं उपाशीच हाय," वच्छला म्हणाली. "कुनी खा म्हनलंय व्हय मला?"

डॉक्टर प्रभूंना विचारलं. ते दारात येऊन कातरीकडे बघत उभे राहिले. "केस आखूड झाले आणि कातडी सोलली नाही, की मला चालेल," असं म्हणून ते निघून गेले. उगाच थांबलं तर कुणी सही मागेल अशी त्यांना भीती वाटली असावी.

शांतम्मा सिस्टरनं कातर स्पिरिटनं तीनदा पुसली. तिन्ही वेळा कापूस काळा निघाला. चौथ्यांदा करडा निघाला तेव्हा तिनं हात टेकले.

वच्छलानं रावजीला दोन गुडघ्यांमध्ये धरलं, पाठ आपल्याकडे आणि तोंड बाहेर, मेंढराला बसवतात तसं. कातर कच्चकन बोलली. केसाचा पहिला झुबका फरशीवर पडला. शेजारच्या पलंगांवरचे नातेवाईक गोळा झाले. मैंदर्गीहून सासऱ्याला घेऊन आलेल्या एका बाईनं आधी कन्नडमधून आणि मग मराठीतून विचारलं, की ही सोय इथं सगळ्यांना आहे का.

"हालू नका," वच्छला म्हणाली. "मेंढरू बी येवढं हालत न्हाय."

"गार लागतंय कातर."

"मेंढरू बोलत बी न्हाय."

"केस गोळा करा. देवाला द्यायचं हायत."

"करते. कांबळं ईनते त्येचं."

दहा मिनिटांत छाती मोकळी झाली. आतून एक साधारण, फिकट, साठीच्या माणसाची छाती निघाली, तिच्यात एवढं विशेष काय लपवून ठेवलं होतं ते कुणाला कळेना. केस पिशवीत भरले. पिशवीवर सिस्टरनं सवयीनं रुग्णाचं नाव आणि पलंग नंबर लिहिला.

अकराला रावजीला आत नेलं. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, म्हणून ऋतुजा दारातल्या गोल काचेला डोळे लावून उभी राहिली. मामाला दवाखान्याच्या जनरेटरची शंका होती. ऐन वेळी लाइट गेली तर काय? शॉकचं मशीन बॅटरीवर चालतं, हे ऋतुजानं सांगितलं. मामा म्हणाला, रेल्वेतही असंच सांगायचे. मग तो जनरेटर बघायला खाली गेला, आणि सोबत कुणीतरी हवं म्हणून बहिणीला घेऊन गेला. वच्छला गेली, तिची पिशवीही गेली. पिशवीत कातर होती.

आत भुलीच्या बाईंनी इंजेक्शन दिलं. रावजीनं डोळे मिटले. छातीवर एक पट्टी उजवीकडे वर, दुसरी डाव्या काखेखाली. डॉक्टर काहीतरी बोलले, सगळे पलंगापासून लांब सरले, आणि रावजी पलंगावर एक टाळी वाजल्यासारखा उडाला.

मॉनिटरवर रेघ क्षणभर सपाट झाली. मग परत शेंगदाणे.

काचेतून ऋतुजाला डॉक्टरांच्या कपाळावरची आठी दिसली. त्यांनी मशीनवरचं बटण फिरवलं, सिस्टरशी बोलले, रावजीला कुशीवर वळवलं. आणि तिघं एकदम थांबले.

पाठ कातरायची कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

ती पाठ नव्हतीच. मृगानंतरचं माळरान होतं. दार उघडलं, डॉक्टरांनी मान बाहेर काढली. "पहिला लागू पडला नाही. आता एक पट्टी पुढं आणि एक मागं लावून देतो, मधे हृदय येतं, करंट नीट जातो. अशा पेशंटांत कधीकधी त्यानंच होतं. पण पाठ साफ लागेल. ती तुमची कातर कुठंय?"

ऋतुजानं जिन्याकडं बघितलं. जिना रिकामा होता. तिनं मामाला फोन लावला, तो लागेना; मग आईला लावला. आईचा फोन वॉर्डात, रावजीच्या रिकाम्या पलंगावर उशीखाली वाजला.

"भूल किती वेळ राहील?"

"पाचेक मिनिटं. वाढवता येते, पण यांचं वजन आणि घोरणं बघता मी उगाच वाढवणार नाही. आज नाही तर परत भरती, परत सगळं. आणि महिनाभरानं कप्पा काय म्हणतो ते मला माहीत नाही." डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. "काकांच्या नवसाचं काय ते तुम्हीच सांगा."

खांबावर असताना निर्णय एका श्वासात घ्यावा लागतो. तिथं नवस विचारायला कुणी नसतं. ऋतुजाला बाप दिसत होता, कुशीवर वळलेला, तोंड थोडं उघडं, एवढा मोठा माणूस भुलीत अगदी कुणाचाही असल्यासारखा. तिला त्याचं बोलताना दोनदा थांबणं आठवलं.

"वस्तरा लावा," ती म्हणाली.

शांतम्मा सिस्टरनं चाळीस सेकंदांत पाठीचा मधला चौकोन गुळगुळीत केला. पट्टी बसली. डॉक्टरांनी दोनशे ज्यूलवर मशीन ठेवलं, हातमोजे घातलेल्या हातानं पुढची पट्टी नीट दाबून बसवली, हात काढला, बटण दाबलं. रावजी उडाला. रेघ सपाट झाली. आणि मग एक ठोका, थोडं अंतर, एक ठोका, तेवढंच अंतर, एक ठोका. अकरा अठरा.

ऋतुजा काचेला कपाळ टेकून उभी राहिली. मामा जिन्यातून वर येत होता. "जनरेटर चांगला हाय," त्यानं जाहीर केलं. "आता बिनधास्त चालू करा म्हनावं."

दुपारभर सगळं सुरळीत होतं. रावजी जागा झाला, भूक लागली म्हणाला, दोन भाकऱ्या आणि निम्मी चटणी खाल्ली. शरणप्पाला फोन लावून लंगड्या मेंढीवरून त्याला दहा मिनिटं झापलं, एका दमात, मधे एकदाही न थांबता. ऋतुजा बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून आली. तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पाठ ही अशी गोष्ट आहे, की माणसाला स्वतःची कधी दिसत नाही.

पाच वाजता रावजीनं पाठ भिंतीला घासली.

खाजत होतं म्हणून घासली. मग थांबला. परत घासली, सावकाश. मग हात वळवून मागं नेला, आणि चाळीस वर्षं मेंढरांच्या पाठीवरून फिरलेली बोटं स्वतःच्या पाठीवरून फिरवली. कातरीनं कातरलं की खुंट राहतो, बोटाला टोचतो. इथं काही टोचत नव्हतं.

"वस्तरा," रावजी म्हणाला.

ऋतुजा पुढं आली. "मी सांगितलं आबा. येळ न्हवता. आये खाली गेलती."

"म्या भुलीत आसताना?"

"व्हय."

"म्हंजे काळीज आलंच न्हाय ताळ्यावर."

"आलंय की! कागद बघा." तिनं मशीनची पट्टी त्याच्यापुढं धरली. सरळ रेघ, सारखी टोकं, शाळेतल्या पोरानं पट्टीनं आखल्यासारखी.

"कागुद खोटा हाय आसं न्हाय म्हनत म्या. मार्ग खोटा हाय. नवस मोडल्यावर आलेलं काळीज आपलं न्हवं. ह्ये आलेलं म्या धरत न्हाय." आणि संध्याकाळची गोळी सिस्टरनं पुढं केली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. "काळीज आलं न्हाय, तर गोळी कशापायी?"

ऋतुजानं ती गोळी सिस्टरकडून घेऊन ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा मारून सांगितलेलं वाक्य तिला पाठ होतं. शॉकनंतरचे चार आठवडे सगळ्यात नाजूक. वरचा कप्पा अजून नीट आकुंचन पावत नाही, रक्त साचतं, गुठळी होते. गोळी चुकली तर सगळं मिळवून गमावलं.

डॉक्टर प्रभू येऊन गेले. पाच मिनिटं बोलले. रावजीनं त्यांना अर्धा तास उत्तर दिलं. भिमाला फोन झाला. वस्तऱ्यानं आलेलं काळीज देव आपलं धरत नाही, भिमा म्हणाला. त्याला उपाय? उपाय एकच. होतं तसं परत व्हायला पाहिजे, आणि मग रीतीनं.

"आयकलं?" रावजी डॉक्टरांना म्हणाला. "हुतं तसं करा. मग म्या कातरीनं समदं कातरून घेतो, मान ते टाच. मग द्या तुमचा शॉक."

"काका, बरं झालेलं हृदय मी बिघडवू कसं?"

"का? बिघडवायला येत न्हाय व्हय तुमास्नी? येवढं शिकून?"

"आवं," वच्छला म्हणाली, "आर्धा तास झाला भांडताय. दम कुटं लागला?"

"त्यो मुद्दा न्हाय."

"बरोबर हाय दाजींचं," जोतिराममामा म्हणाला. "रेल्वेत बी चुकीच्या सिग्नलवर आलेली गाडी आलेली धरत न्हाईत. परत मागं न्हेत्यात."

ऋतुजानं मामाकडं बघितलं, मग बापाकडं, मग ट्रेमधल्या त्या गोळीकडं. साडेसहा झाले होते. वाद घालून रावजी हरत नाही हे ती लहानपणापासून बघत होती. पण एक गोष्ट होती जिच्यापुढं तो मऊ व्हायचा, आणि ती गोष्ट तिच्या रोजच्या कामातली होती. मेंढवाड्याच्या मधोमध विजेचा खांब आहे. तो हलवावा म्हणून रावजीनं नऊ वर्षांपूर्वी वीज कंपनीला अर्ज दिला. अर्ज दिल्याच्या दिवसापासून खांबाबद्दल त्यानं एकदाही तक्रार केली नाही. खांबाला मेंढरं बांधली, वर कांबळी वाळत घातली, आणि कुणी विचारलं तर सांगितलं, की निघंल आज ना उद्या, अर्ज दिलाय. तो अर्ज सध्या ऋतुजाच्याच टेबलावर होता. मंजूर करायचा अधिकार तिला नव्हता, नामंजूर करायचाही नव्हता. सरकारदरबारी कुठलीही गोष्ट कायमची जपून ठेवायची असेल तर तिचा अर्ज करावा, इतकं ती नोकरीत शिकली होती.

"आबा," ती म्हणाली, "तोंडी मागून कोन देतंय? रीतसर अर्ज द्या. मी लिहिते. साहेबांचा निर्णय येईल."

रावजीनं मान वर केली. "पोच मिळंल?"

"सही-शिक्क्यानिशी."

"आन् तवर?"

"तवर हाय तसं सांभाळायला लागतंय. अर्ज पेंडिंग आसताना खांब तरी तुमी पाडलाय का?"

रावजीला त्यात काही खोट दिसेना. मग त्यानं हात पुढं केला, गोळी घेतली, पाण्याबरोबर गिळली, आणि म्हणाला, "लिव्ह. आन् 'तातडीचं' आसं वर लाल शाईनं लिव्ह."

शांतम्मा सिस्टरनं कोरा कागद दिला आणि लाल पेन दिलं. वच्छला भाकरीचं फडकं घडी करत होती. ऋतुजानं पलंगाच्या कडेला बसून, गुडघ्यावर रुग्णाची फाइल ठेवून, नोकरीत बसलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं:

तातडीचे

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब यांचे सेवेशी,

विषय: सुरळीत झालेले हृदय पूर्ववत बिघडवून मिळणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराने श्री बिरोबा देवासमोर केलेला तोंडी नवस (प्रत उपलब्ध नाही).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे हृदय आज रोजी आपल्या रुग्णालयात दुसऱ्या शॉकने सुरळीत करण्यात आले आहे. तथापि सदर शॉकपूर्वी अर्जदाराच्या पाठीवर, अर्जदार भुलीखाली असताना, त्याच्या मुलीच्या सांगण्यावरून वस्तरा चालविण्यात आल्याने सदर सुधारणा अर्जदारास मान्य नाही. त्याबाबत मुलीची कोणतीही चौकशी करण्यात येऊ नये. अर्जदार तिला घरी स्वतः बघून घेईल.

अर्जाचा अंतिम निर्णय लेखी प्राप्त होईपर्यंत अर्जदार सर्व गोळ्या, रविवार धरून, एकही दिवस न चुकविता घेत राहील, तसेच हृदय आहे त्या स्थितीत सांभाळील व मेंढरांमागे जाईल.

सबब, अर्जदाराच्या पाठीवरील केस पूर्ववत उगवल्याची खातरजमा करून, त्याचे हृदय दिनांक व वेळ कळवून मूळ बेताल स्थितीत आणून द्यावे, आणि त्यानंतर सर्वांगास कातर लावून नियमाप्रमाणे नव्याने शॉक देऊन ते पुन्हा सुरळीत करून मिळावे, ही नम्र विनंती.